गुळाच्या खोक्यावरचा हात : कॅमेऱ्यावर पोट भरायला निघालेल्यांसाठी

मी २०१३ पासून कोल्हापुरात पूर्णवेळ फोटोग्राफी करतो. पहिली चार वर्षं घर बायकोच्या पगारावर चाललं. हे आधीच सांगतो, कारण नोकरी सोडून कॅमेरा घ्यायचं ठरवलेली मुलं हल्ली माझ्याकडे वरचेवर येतात आणि विचारतात, "दादा, यात नक्की पैसे येतात कुठून?" अॅपर्चर, शटर, लाइट हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. पैशाचं बोलू.

सुरुवात एक्स्पोजिंगने करा. म्हणजे दुसऱ्याच्या ऑर्डरवर रोजाने शूट करायला जा. मला पहिला रोज सातशे रुपये मिळाला होता, इचलकरंजीच्या एका लग्नात. माझ्याकडे कॅमेऱ्याची जुनी बॉडी आणि तिच्यासोबत आलेली एक साधी किट लेन्स होती, बाकी सगळं त्या स्टुडिओवाल्यांचं. काम संपल्यावर कार्ड काढून द्यायचं आणि घरी जायचं. नाव आपलं लागत नाही, फोटो आपल्याकडे राहत नाहीत, आणि पुष्कळांना याचा कमीपणा वाटतो. वाटून घेऊ नका. मंगलाष्टकं संपत आली की अंतरपाट खाली येण्याआधी कुठे उभं राहायचं, मुलीच्या मामाला न दुखावता बाजूला कसं करायचं, हळदीच्या पिवळ्या मांडवात कातडीचा रंग कसा सांभाळायचा, हे मी त्या रोजांवर शिकलो. त्या काळात हप्त्यावर कॅमेरा घेतला असता तर बुडालो असतो. लेन्स भाड्याने मिळते. लांबचं टिपणारी ७०-२०० एका दिवसासाठी आणा, काम करा, परत द्या. पहिली पन्नास लग्नं होईपर्यंत कर्ज काढू नका. या मुद्द्यावर माझं कुणाशीच जमत नाही, आणि मी मत बदलणार नाही.

स्वतःच्या ऑर्डरी सुरू झाल्या की पैशाचे तीन भाग करा. तारीख पक्की करताना एक, हळदीच्या दिवशी सकाळी दुसरा, आणि अल्बम छपाईला जाण्याआधी उरलेला सगळा. लग्न झाल्यावर घरचे दमलेले असतात, कार्यालय, केटरर, मांडववाला यांचे पैसे भागवायचे असतात, आणि फोटोवाला घरातलाच वाटायला लागल्यामुळे मागे राहतो. माझे दोन लग्नांचे पैसे अजून यायचे आहेत. एका घरातल्या नव्या नवरीचं मूल आता शाळेत जातं.

पण लग्नाचा धंदा बारमाही नाही. तुळशीच्या लग्नापासून उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत धावपळ, आणि आषाढात एकदा चातुर्मास लागला की मोबाइल गप्प. तेव्हा बारसं, डोहाळजेवण, पासपोर्ट फोटो, शाळांचे ग्रुप फोटो यांवर गाळ्याचं भाडं निघतं. पासपोर्ट फोटोचं काउंटर ज्याला हलकं वाटतं त्याने भाड्याचा गाळाच घेऊ नये. खरा आधार मिळतो तो दुकानदार आणि छोट्या उद्योजकांच्या कामाचा : चपला, साड्या, मसाले, हॉटेलचा मेनू. महिन्याला ठरलेली रक्कम, ठरलेले फोटो. अशी तीन गिऱ्हाइकं जोडली की पावसाळा निभतो.

मी अडकलो तो याच कामात. यावर सविस्तर लिहितो, कंटाळा आला तरी वाचा.

२०१७ च्या हिवाळ्यात एका गुळाच्या व्यापाऱ्याने मला गुऱ्हाळावर बोलावलं. दोन दिवसांचे बारा हजार, फेसबुकला टाकायला फोटो हवेत, एवढंच बोलणं, तेही फोनवर. पहाटे साडेपाचला पोचलो. चुलवाणात चिपाडं भडकत होती, काहिलीतल्या रसावरची मळी काढून झाली होती. उन्हं वर आली तेव्हा पाक पक्व होत आला होता. गुळव्याने, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराने, पळीने थोडा पाक गार पाण्याच्या वाटीत सोडला आणि दोन बोटांनी त्याची गोळी वळून बघितली. मागून तिरकं ऊन, मधे वाफ, आणि पुढे तो राठ हात. गोळीवरून पाणी ओघळत होतं. मी सहा फ्रेम घेतल्या, त्यातली चौथी जमली. आजही माझ्या पहिल्या पाच फोटोंत मी ती धरतो.

पुढच्या दिवाळीत तो हात मला एक किलोच्या खोक्यावर दिसला. मग टेम्पोच्या बाजूवर. मग पुण्यातल्या एका प्रदर्शनात दहा फुटी बॅनरवर, त्यात मागे गुळव्याचा चेहराही स्पष्ट. मी व्यापाऱ्याला फोन केला, म्हटलं, "शेठ, आपलं फेसबुकचं ठरलं होतं." ते शांतपणे म्हणाले, "पैसे दिलेत की तुम्हाला." मी चिडून कसबा बावड्याला एका वकिलांकडे गेलो. माझी पक्की समजूत होती की फोटो मी काढलाय, बटण मी दाबलंय, म्हणजे कॉपीराइट माझा.

वकिलांनी १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडला आणि कलम १७ चं पोटकलम बी माझ्यासमोर ठेवलं. त्याचा अर्थ असा : कुणी सांगितल्यावरून आणि मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर उलट करार नसताना त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा असतो. फोटोग्राफर नव्हे. मी तीनदा वाचलं. "उलट करार नसताना" हे शब्द पुन्हा वाचा, कारण तुमचा सगळा धंदा त्यांवर उभा आहे. तुम्ही आपल्या मनाने पंचगंगेच्या घाटावर जाऊन फोटो काढलात तर मालक तुम्ही. पगारी नोकरीत काढलात तर, वेगळं ठरलं नसेल तर, सर्वसाधारणपणे मालक कंपनी. आणि गिऱ्हाइकाने पैसे देऊन काढून घेतलात, कागद केला नाहीत, तर मालक गिऱ्हाईक. त्याने खोक्यावर छापावा, भावाला द्यावा, विकावा. तुम्हाला विचारायची त्याला गरज नाही.

एवढ्यावर संपलं नाही. त्या शूटमधल्या उरलेल्या चौदा फ्रेम मी स्टॉक साइटवर, म्हणजे कुणालाही फोटो विकत घेता येतात अशा वेबसाइटवर, टाकल्या होत्या, कारण माझ्या समजुतीप्रमाणे त्या माझ्या होत्या. व्यापाऱ्याच्या पुतण्याला त्यातली एक दुसऱ्याच ब्रँडच्या जाहिरातीत दिसली. आता फोन त्यांचा आला, आणि कायद्याने बरोबर ते होते. मी फोटो काढून टाकले, माफी मागितली. बाराशे रुपये वकिलांना दिले आणि कित्येक रात्री झोप लागली नाही. चूक कायद्याची नव्हती आणि व्यापाऱ्याचीही नव्हती. मी कागद केला नव्हता.

म्हणून आता काम सुरू करण्याआधी, इसार हातात पडण्याआधी, मी एक पान देतो. त्यात साध्या मराठीत लिहितो : छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, ग्राहकाला ही छायाचित्रं वेबसाइट व समाजमाध्यमांवर दोन वर्षं वापरण्याची परवानगी आहे, वेष्टन, होर्डिंग, छापील जाहिरात किंवा तिसऱ्या व्यक्तीला देणं यासाठी वेगळं शुल्क. खाली दोघांच्या सह्या. बिलावर तेच वाक्य पुन्हा. गिऱ्हाईक घाईत असेल तर निदान व्हॉट्सअॅपवर पाठवून "मान्य आहे" असं लेखी उत्तर घ्या. सहीच्या कागदाइतका त्यावर भरवसा नाही, पण फोनवरच्या बोलण्यापेक्षा पुष्कळ बरं. गिऱ्हाइकाला कायमचा सगळा हक्क हवा असेल तर जरूर द्या, पण त्याचा दर वेगळा सांगा. मी साधारण तिप्पट सांगतो. हक्क विकताना मुदत आणि प्रदेश लिहा. लिहिलं नाही तर कायदा मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारतापुरता धरतो, त्यावरून नंतर दोन्ही बाजूंना मनस्ताप.

लग्नालाही हेच लागू आहे. पैसे घेऊन काढलेले लग्नाचे फोटो, करार नसेल तर, त्या कुटुंबाचे. इन्स्टाग्रामवर टाकायचे तर बुकिंगच्या फॉर्मवर संमतीची ओळ ठेवा. मुलीच्या वडिलांनी नको म्हटलं तर नको.

घाबरू नका. कागद पुढे केला की गिऱ्हाईक पळतं ही भीती मलाही होती. सात वर्षांत कागद बघून मागे फिरलेले फक्त दोघं. उलट दर सांगताना माझा आवाज पूर्वी बसायचा, तो आता बसत नाही.

स्टॉकबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं, म्हणून सरळ सांगतो : त्यावर घर चालणार नाही. शटरस्टॉक विक्रीच्या रकमेतले १५ ते ४० टक्के देतं, वर्षभर जितके फोटो खपतील तशी पायरी चढते, आणि १ जानेवारीला प्रत्येकजण पुन्हा तळाच्या पायरीवर येतो. अॅडोबी स्टॉक फोटोला ३३ टक्के देतं, पण २५ डॉलर जमेपर्यंत पैसे काढता येत नाहीत. मला ते २५ जमवायला अकरा महिने लागले. सूर्यास्त आणि फुलं टाकू नका, तिथे लाखोंनी पडली आहेत, आणि आता एआयने बनवलेलीही. आपल्याकडचं साधं, रोजचं टाका : बोटावरची मतदानाची शाई, सोयाबीनवर फवारणी करणारी बाई, एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल, यूपीआयचा बोर्ड लावलेली भाजीची गाडी. माझे फवारणीचे फोटो अजून खपतात.

मात्र ओळखू येणारा चेहरा असेल तर व्यावसायिक वापरासाठी या साइट त्या माणसाची सही असलेलं संमतिपत्र मागतात. वाखरीच्या रिंगणात धावणाऱ्या वारकऱ्याचा फोटो कितीही सुंदर असो, सही नसेल तर तो फक्त बातमी-लेखासाठी, एडिटोरियल म्हणूनच देता येतो. वारीच्या गर्दीत सह्या कुठून आणणार? म्हणून तिथे चेहरे टाळून पाय, टाळ, तुळशीवृंदावन असे फोटो वेगळे काढा, आणि चेहऱ्यांचे मासिकांकडे पाठवा.

आता गुरूंविषयी. तीन दिवसांत लाखो कमवायला शिकवणाऱ्या वर्कशॉपला पैसे भरू नका. मी एकदा नऊ हजार भरले. तीन दिवस भाड्याच्या मॉडेलला घेरून चाळीस जणांनी तोच फोटो काढला, आणि दर कसा ठरवायचा हा प्रश्न मी विचारला तेव्हा उत्तर "पॅशन ठेवा" असं मिळालं. जो स्वतः फोटोच्या कामातून कमावतो, अशा माणसाच्या हाताखाली एक सीझन काढा. मला तसे एक काका भेटले, महाद्वार रोडला त्यांची कलर लॅब होती. फिल्मच्या जमान्यापासूनचे. त्यांनी मला कॅमेऱ्यातलं फारसं काही शिकवलं नाही. रोज संध्याकाळी वहीत जमाखर्च लिहायला लावला, कार्डावरचे फोटो दोन डिस्कवर उतरल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू दिलं नाही, आणि उधारी मागायला मला स्वतः पाठवलं. ते गेले तेव्हा मी सुतक असल्यासारखा दहा दिवस कॅमेरा उघडला नाही.

स्पर्धांचे नियम शेवटपर्यंत वाचा. प्रवेशशुल्क घेऊन आलेल्या सगळ्याच फोटोंचा हक्क आयोजकांकडे जाईल असं एखादं कलम तळाशी असतं. "पैसे नाहीत, पण नाव देऊ" असं म्हणणाऱ्यांना मी वर्षातून एकदाच होकार देतो, आणि तोही गावच्या शाळेला.

बाकी दोन गोष्टी थोडक्यात. ड्रोन २५० ग्रॅमच्या वरचा असेल तर पैसे घेऊन उडवायला २०२१ च्या नियमांप्रमाणे रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. मांडवावर उडवण्याआधी परिसर ड्रोनसाठी आखलेल्या कुठल्या झोनमध्ये येतो ते बघा. आणि वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या पुढे चालली की जीएसटी नोंदणीसाठी सीएकडे जा, नोटीस येण्याची वाट पाहू नका.

त्या गुऱ्हाळाचं एक राहिलं. प्रदर्शनानंतर काही महिन्यांनी मी गुळव्या मामांना भेटायला गेलो. ते मळी काढत होते. मला बघून म्हणाले, "पावणं, माझा फोटू खोक्यावर छापलाय म्हणं. पोरगी दावत हुती." मग थोडं थांबून, "मला काय इचारलं न्हाई कुणी." मी व्यापाऱ्यावर चिडलो होतो की मला विचारलं नाही, आणि मामांना मी स्वतः विचारलं नव्हतं. मला तिथे उभं राहवेना.

आता कॅमेऱ्याच्या बॅगेत मराठीत छापलेली संमतिपत्रं असतात, सोबत शाईचा पॅडही. गेल्या हिवाळ्यात दुसऱ्या एका ब्रँडच्या कामासाठी मी त्याच मामांना मॉडेल म्हणून घेतलं. दिवसाचे दोन हजार, मजुरीच्या वर. कागद वाचून दाखवला, फोटो कुठे कुठे छापला जाईल ते सांगितलं. मी पॅड पुढे केलं तर त्यांनी ते बाजूला सारलं, हात धोतराला पुसला, माझं पेन घेतलं आणि एकेक अक्षर सुटं लिहीत सही केली. मग विचारलं, "ह्याची एक झेरॉक्स मला मिळंल का?"