तक्रार आली की कमेंट डिलीट? सोशल मीडियावरच्या या चुका टाळा

हॉटेलच्या पेजवर एखादा ग्राहक लिहितो, "काल मागवलेल्या पनीरला वास येत होता." मालक घाबरून कमेंट उडवतो. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. ग्राहकाकडे स्क्रीनशॉट असतोच. मग विषय पनीरचा राहत नाही, "माझी तक्रार दाबली" असा होतो. शिवीगाळ किंवा कुणाचा फोन नंबर असेल तर कमेंट जरूर काढा. बाकी तक्रारींना उत्तर द्या.

आपोआप शांत होईल म्हणून गप्प बसणं, ही दुसरी चूक. एप्रिल 2009 मध्ये अमेरिकेत डॉमिनोजच्या दोन कर्मचाऱ्यांनी किचनमध्ये पदार्थांशी किळसवाणे प्रकार करतानाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. कंपनीने आधी वाट पाहिली. दोनेक दिवसांत व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. शेवटी अमेरिकेतल्या व्यवसायाचे प्रमुख पॅट्रिक डॉयल यांना यूट्यूबवरच येऊन माफी मागावी लागली. नुसती प्रेसनोट काढून भागलं नसतं, कारण लोक यूट्यूबवर होते. जिथे तक्रार, तिथेच उत्तर.

उत्तर कसं द्यायचं? "आपल्या असुविधेबद्दल दिलगीर आहोत" हे छापील वाक्य सगळ्यांना चिकटवू नका. लोक खाली-वर वाचतात, त्यांना लगेच कळतं. त्यापेक्षा असं लिहा: "कालच्या ऑर्डरबद्दल माफ करा. ते पनीर बाजूला काढलंय, तपासतोय. ऑर्डर नंबर मेसेजमध्ये पाठवा, संध्याकाळी सहापर्यंत कळवतो." आणि सहा वाजता त्याच कमेंटखाली काय केलं ते लिहा. हा शेवटचा भाग बहुतेक जण विसरतात. पुढचा ग्राहक मात्र नेमका तोच वाचत असतो.

उशीर केलात तर आणखी एक धोका आहे. तुमच्या नावाचं बनावट खातं तक्रारदाराला खोटा "कस्टमर केअर" नंबर देतं, पैसे जातात आणि बोल तुम्हाला लागतो. तुमचा खरा नंबर प्रोफाइलवर ठळक ठेवा.

वाद पेटलेला असताना आधी शेड्यूल करून ठेवलेली "वीकेंड धमाका ऑफर" आपोआप पडते, तेव्हा ती जखमेवर मीठच चोळते. पहिल्या तासातच शेड्यूल बंद करा.

नातेवाइकांकडून पाच-पाच स्टार लिहून घेऊ नका. इन्फ्लुएन्सरला पैसे किंवा फुकट माल दिला असेल, तर तसं पोस्टमध्ये दिसलंच पाहिजे. जाहिरात मानक परिषद (ASCI) या जाहिरात क्षेत्राच्या स्वतःच्या देखरेख संस्थेचा हा नियम 2021 पासून आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत.

आणि पेजचा पासवर्ड एकट्या एजन्सीकडे ठेवू नका. रविवारी रात्री तक्रार आली तर ती बघायला आणि उत्तर द्यायला घरचं कुणीतरी ॲडमिन हवं.