फ्री डिशची छत्री स्वतः कशी लावावी, आणि त्याच छत्रीवर आकाशवाणी कशी ऐकावी

मासिक वर्गणी न भरता देशभर दिसणाऱ्या दूरचित्रवाणी वाहिन्या आणि आकाशवाणीची केंद्रे घरी आणायची असतील, तर प्रसार भारतीची डीडी फ्री डिश हा आजही सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली आणि तेव्हापासून तिचे मूळ तत्त्व बदललेले नाही: छत्री आणि बॉक्स यांचा खर्च एकदाच करायचा, त्यानंतर रिचार्ज नाही. म्हणूनच ‘वार्षिक नूतनीकरण’ किंवा ‘ॲक्टिव्हेशन’ अशा नावाखाली कोणी पैसे मागितले, तर ते देऊ नयेत. गच्चीवर जुना दांड्यांचा अँटेना अजून उभा असेल, तर त्याच्यावर विसंबून राहण्यात मात्र अर्थ नाही, कारण दूरदर्शनने आपली बहुतेक जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे बंद केली आहेत.

साहित्य थोडेच लागते: साधारण ६० सेंटिमीटर व्यासाची छत्री, कू बँडचा (उपग्रह प्रक्षेपणाच्या उच्च वारंवारतेच्या पट्ट्याचा) एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग, आरजी-६ प्रकारची केबल, तिच्या दोन टोकांना बसणारे दोन एफ-कनेक्टर आणि सेट-टॉप बॉक्स. बॉक्स घेताना तो एमपेग-४ चा (चित्र दाबून पाठवण्याच्या नव्या पद्धतीचा) आहे ना, हे आवर्जून पाहावे, कारण जुन्या एमपेग-२ बॉक्सवर वाहिन्यांचा एक भागच दिसतो. दूरचित्रवाणी संचातच उपग्रह ट्यूनर असेल, तर वेगळ्या बॉक्सशिवायही फ्री डिशवरील निदान काही वाहिन्या थेट दिसतात. एखाद्या सशुल्क कंपनीची बंद पडलेली छत्री घरात असल्यास ती वापरता येते, पण बहुधा तिची दिशा बदलावी लागते, आणि त्या कंपनीचा बॉक्स सहसा उपयोगी पडत नाही.

या कामातला खरा कस दिशा साधण्यात आहे, म्हणून तिला सर्वाधिक वेळ द्यावा. फ्री डिशचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातील कुरू येथून सोडलेला हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिर असल्यासारखा दिसतो. महाराष्ट्र त्याच्या पश्चिमेला आणि विषुववृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे आपल्याकडून तो आग्नेयेला दिसतो. मुंबईतून त्याची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजल्यास सुमारे १३१ अंश आणि क्षितिजापासूनची उंची सुमारे ५७ अंश भरते. नागपुरातून हेच आकडे सुमारे १४५ आणि ६० अंश होतात. मधल्या गावांना यांच्या दरम्यानचे आकडे धरून सुरुवात करता येते. दिशा मोबाइलमधील होकायंत्राने पाहायला हरकत नाही, परंतु लोखंडी खांब, पाण्याच्या टाकीचा सांगाडा किंवा पत्र्याचे छप्पर यांच्याजवळ तो भलतीच दिशा दाखवतो. चार-पाच पावले दूर जाऊन दिशा घ्यावी, त्या दिशेतील एखादे झाड किंवा इमारतीचा कोपरा लक्षात ठेवावा आणि मग छत्रीपाशी यावे.

खांब ओळंब्यात उभा असणे फार महत्त्वाचे आहे. तो कलता राहिला, तर छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही नकळत बदलत जाते आणि तासभर खपूनही सिग्नल सापडत नाही. दुसरी गोष्ट नव्या माणसाला हमखास चकवते: ही लहान छत्री जिकडे तोंड करून आहे असे वाटते, त्याच्या साधारण २२ ते २५ अंश वर तिची खरी नजर असते. त्यामुळे मुंबईत ५७ अंश उंचीवरचा उपग्रह पकडणारी छत्री पाहणाऱ्याला जेमतेम ३२ ते ३५ अंश वर पाहत असल्यासारखी दिसते. मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा कोरलेल्या असतील, तर नजरेपेक्षा त्या खुणांवर विश्वास ठेवावा.

केबल जोडताना बॉक्स बंद ठेवावा, कारण तिच्यातून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवठा होतो. कनेक्टर बसवताना केबलच्या बाहेरच्या जाळीची एखादी बारीक तार मधल्या तांब्याच्या तारेला टेकली, तरी शॉर्ट होते. ती बोटाने मागे वळवून नीट पाहूनच कनेक्टर आवळावा. मग बॉक्सच्या मेनूत एलएनबीचा प्रकार ९७५०/१०६००, वारंवारता ११०९०, ध्रुवीकरण उभे म्हणजे ‘व्ही’ आणि सिम्बॉल रेट २९५०० असे भरावे.

आता पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. यांपैकी क्वालिटी हीच खरी. पहिल्या खेपेला मी भर उन्हात गच्चीवर उभा होतो, खालून धाकटा भाऊ फोनवर ‘दादा, ऐंशी टक्के आलं’ असे उत्साहाने सांगत होता आणि तरीही एकही वाहिनी उमटत नव्हती. तो स्ट्रेंग्थचा आकडा होता, क्वालिटी शून्यच होती. एलएनबीला वीज मिळाली की स्ट्रेंग्थ कुठल्याही दिशेला वाढलेली दिसू शकते. क्वालिटी मात्र योग्य उपग्रह सापडल्यावरच वर चढते. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची कड एक सेंटिमीटर सरकली की तिची दिशा जवळजवळ दोन अंशांनी बदलते, आणि दोन अंशांची चूक चित्र घालवायला पुरेशी ठरते. म्हणून नट अर्धवट सैल ठेवून छत्री अगदी थोडी हलवावी, तीन-चार सेकंद थांबावे, पट्टी पाहावी आणि मगच पुढे जावे. बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. घाईत फिरवणारा माणूस उपग्रहावरून पुढे निघून जातो. क्वालिटी सर्वाधिक झाली की एलएनबी त्याच्या पकडीत थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे वळवून पाहावा, कारण त्यानेही पाच-दहा टक्के वाढ मिळू शकते. नट आळीपाळीने आवळावेत. एकच नट एकदम घट्ट केला, तर छत्री ओढली जाते.

पावसाळ्याचा विचार त्याच दिवशी करावा. एलएनबीच्या सांध्यावर रबरी टेप गुंडाळावी आणि केबलला तिथेच खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी कनेक्टरमध्ये न शिरता झोळातून ठिबकेल. मुसळधार पावसात काही मिनिटे चित्र जाणे हा कू बँडचा स्वभाव आहे. तेवढ्यासाठी छत्री हलवू नये. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत काही दिवस ठरावीक वेळी सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो, तेव्हाही काही मिनिटे सिग्नल जातो आणि आपोआप परततो.

खासगी वाहिन्यांना फ्री डिशवरील जागा ई-लिलावातून मिळते, त्यामुळे विशेषतः १ एप्रिलच्या सुमारास यादी बदलते. एखादी वाहिनी नाहीशी झाली, तर आधी नव्याने ऑटो स्कॅन करावे. क्रीडाप्रेमींनी डीडी स्पोर्ट्सचा क्रमांक लक्षात ठेवावा: २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीला द्यावे लागते, आणि २०१७ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते सामने दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपकांवर आणि फ्री डिशवरच दाखवता येतात.

अनेक घरांत रिमोटवरील ‘टीव्ही/रेडिओ’ हे बटण कधी दाबलेच जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. ते दाबले की त्याच छत्रीवर आकाशवाणीच्या वेगवेगळ्या भाषांतील वाहिन्या स्वच्छ आवाजात ऐकू येतात. परराज्यात राहणाऱ्या मराठी माणसाला याचे मोल विशेष आहे, कारण एफएमचे प्रक्षेपण साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंतच पोचते. छत्री नसेल, तर मध्यम लहरींचा साधा रेडिओ वापरावा. त्यात आडवी बसवलेली फेराइटची कांडी हाच अँटेना असतो, म्हणून नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर किंवा मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर लावताना दांडी वर ओढत बसण्यापेक्षा अख्खा रेडिओच सावकाश गोल फिरवावा आणि आवाज सर्वांत मोठा होईल तिथे ठेवावा. खरखर फार असेल, तर जवळचा एलईडी दिवा आणि मोबाइलचा चार्जर एकेक करून बंद करून पाहावा.