बोर्ड गेमची चित्रं काढून पोट भरायचं असेल तर

माझ्याकडे बरेच जण पोर्टफोलिओ पाठवतात, बघून सांगा म्हणतात, आणि उघडला की वीस पोर्ट्रेट, एकापेक्षा एक सुंदर, पण त्यातून मला एवढंच कळतं की ह्यांना चेहरा छान काढता येतो. गेमचं चित्र भिंतीवर लावायला नसतं हो. ते हातात धरतात, पिसतात, त्यावर चहा सांडतात, आणि समोर बसलेल्याला तर ते कायम उलटंच दिसतं. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

तर पहिलं काम, एक खोटा गेम बनवा. नियम नसले तरी चालतील. एक बॉक्सचं कव्हर, आठ-दहा कार्डं, कार्डाची मागची बाजू, बोर्डाचा एखादा कोपरा आणि पाच-सहा आयकॉन, सगळं एकाच हातचं वाटलं पाहिजे. पब्लिशरला एक भारी चित्र नको असतं, त्याला शंका असते ती शंभरावं चित्रही पहिल्यासारखंच येईल का ह्याची. २०१९ च्या विंगस्पॅन ह्या गेममध्ये पक्ष्यांची १७० कार्डं आहेत, प्रत्येकावर वेगळा पक्षी, आणि तो ओळखू आला पाहिजे. ह्याच्या बरोबर उलट डिक्सिट हा गेम (२००८), चित्रकार मारी कार्दुआची ८४ कार्डं, एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि तिथे चित्राचा एकच अर्थ निघाला तर गेमच फसतो, प्रत्येकाला त्यात काहीतरी वेगळं दिसायला हवं. म्हणजे काम घ्यायच्या आधी विचारा की ह्या गेममध्ये चित्र करतंय काय? माहिती देतंय, वातावरण बनवतंय की चित्र हाच गेम आहे? आणि गेम खेळा राव, निदान रूलबुक तरी वाचा. न खेळता काढलेलं चित्र लगेच कळतं.

लोक सायथ ह्या गेमचं उदाहरण देतात, की याकुब रुझाल्स्कीची चित्रं आधी होती आणि गेम त्याभोवती नंतर बनला. खरंय, पण ती लॉटरी आहे, त्या भरवशावर बसू नका.

आता टेक्निकल भाग, इथेच नवीन माणूस मार खातो. नेहमीचं कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचं असतं, आणि त्यातही नाव, आकडे, मजकूर गेले की तुमच्या चित्राला उरते जेमतेम अर्धी जागा. स्क्रीनवर झूम करून पापण्यांचे केस काढत बसता ते छापल्यावर कोणाला दिसत नाहीत. माझ्या पहिल्या कामात मी जवळजवळ सगळ्या पात्रांची डोकी वरच्या डाव्या कोपऱ्याकडे नेली होती, कंपोझिशन लय भारी वाटत होतं, आणि नेमका तिथेच किमतीचा गोल येणार होता. टेम्प्लेट, म्हणजे कार्डावर कुठे काय येणार त्याचा आराखडा, मागितलंच नव्हतं ना मी! रात्री जागून परत काढली सगळी. तेव्हापासून टेम्प्लेट हातात आल्याशिवाय पेन उचलत नाही, आणि रफ झालं की साध्या प्रिंटरवर खऱ्या साइजला काढून हातभर लांब धरून बघतो.

बाकी ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके), चारी बाजूंनी साधारण ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर जादा रंगवलेली कड (पण प्रिंटरला विचाराच, प्रत्येकाचं वेगळं असतं), आणि सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत, बदलून बघा कारण स्क्रीनवरचा चकचकीत हिरवा आणि जांभळा कागदावर मेल्यासारखा येतो. चित्रात अक्षरं रंगवू नका, गेम दुसऱ्या भाषेत गेला की तीच अक्षरं पुसायचं काम तुमच्याच गळ्यात पडणार. बोर्ड जिथे दुमडतो तिथे चेहरा नको. आणि फक्त लाल-हिरव्यावर फरक ठेवू नका, युरोपात साधारण दर बारा पुरुषांमागे एकाला रंग ओळखायला अडचण असते, तेव्हा रंगासोबत आकारही वेगळा द्या. तसं आयकॉन आणि लेआउट हे बऱ्याचदा ग्राफिक डिझायनरचं काम असतं, बॉक्सवर क्रेडिटही वेगळं येतं, पण तुम्हाला दोन्ही येत असेल तर मस्तच, फक्त पैसे दोन्हीचे घ्या.

पैशाचं सांगतो. बहुतेक वेळा नगाप्रमाणे नाहीतर पूर्ण कामाची ठरलेली रक्कम मिळते, रॉयल्टी क्वचितच. म्हणून हो म्हणायच्या आधी हिशोब करा: १०० कार्डं, एकाला ६ तास, झाले ६०० तास, आठवड्याला ३० तास खरंच चित्र काढत असाल तर २० आठवडे, म्हणजे जवळजवळ पाच महिने, आणि ह्यात दुरुस्त्या धरलेल्याच नाहीत. दुरुस्त्या किती वेळा ते लिहून घ्या. रफला दोन, रंगाला एक, त्यापुढे जादा पैसे. थोडे पैसे आधी, थोडे रफ मंजूर झाल्यावर, उरलेले फायनल फाइल देताना, आणि काम मधेच बंद पडलं तर काय मिळणार तेही लिहा. किकस्टार्टरवाल्यांकडे, म्हणजे त्या साइटवर लोकांकडून आधी पैसे गोळा करून गेम छापणाऱ्यांकडे, जरा जास्त सांभाळून, त्यांना कव्हर आणि काही कार्डं कॅम्पेनच्या आधीच लागतात, पैसे मात्र "कॅम्पेन यशस्वी झाल्यावर". म्हणजे धोका तुमचा आणि गेम त्यांचा, असं कसं चालेल? हक्कांचं कलम दोनदा वाचा. एक्सपान्शन (त्याच गेमला नंतर जोडलेला भाग), दुसऱ्या भाषेतली आवृत्ती, मोबाइल ॲप, टी-शर्ट ह्यातलं काय काय त्या रकमेत धरलंय? सगळेच हक्क कायमचे हवे असतील तर रेट वाढवा, त्यात लाजायचं काय.

काम शोधायला जर्मनीत एसेनचं श्पील (साधारण ऑक्टोबरात) आणि अमेरिकेतलं जेन कॉन अशी मोठी प्रदर्शनं आहेत, पण तिथवर जाणं जमलं नाही तरी अडत नाही. तुमच्या स्टाइलशी जुळणारे गेम बनवणारे छोटे पब्लिशर शोधा, रूलबुकच्या क्रेडिट्समध्ये आर्ट डायरेक्टरचं नाव बऱ्याचदा असतं, त्यांना चार ओळींचा मेल आणि एक लिंक पाठवा. जीवनकहाणी नको. उत्तर नाही आलं तर सहा महिन्यांनी नवीन काम घेऊन परत पाठवा, मला असंच एक काम तिसऱ्या मेलला मिळालं.

काम मिळालं की गेम जाहीर होईपर्यंत काहीही पोस्ट करू नका, पण कधीपासून दाखवता येईल ती तारीख करारात घाला, आणि छापलेल्या गेमच्या दोन-तीन प्रतीही मागून घ्या. घरी आल्या की टेबलावर मांडा, कोणालातरी खेळायला बसवा आणि हातात कार्डं धरलेले फोटो काढा. पोर्टफोलिओत खोट्या गेमच्या जागी आता हे टाका.