वेगवेगळ्या सबनेटमधील दोन सर्व्हरमध्ये स्टॅटिक रूट कसा बसवावा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळया तयार करणारा एक कारखाना आहे, असे समजा. बिलिंगचा सर्व्हर कार्यालयाच्या १९२.१६८.१०.०/२४ या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र भागात) आहे आणि त्याचा पत्ता १९२.१६८.१०.५ आहे. वजनकाट्याच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर आवारातील १९२.१६८.२०.०/२४ या सबनेटमध्ये, १९२.१६८.२०.५ या पत्त्यावर आहे. दोन्ही सबनेट वेगळी ठेवणे योग्यच आहे, कारण कार्यालयातील एखाद्या संगणकात शिरलेला व्हायरस थेट काट्यापर्यंत पोहोचू नये. मात्र ट्रकचे वजन बिलात आपोआप यायचे असेल, तर या दोन सर्व्हरना एकमेकांकडे जाण्याचा मार्ग हाताने लिहून सांगावा लागतो; त्यालाच स्टॅटिक रूट म्हणतात.

प्रथम कागदावर आकृती काढावी. दोन्ही नेटवर्कना जोडणारे, दोन नेटवर्क कार्डे असलेले एक लिनक्स यंत्र मध्ये हवे. त्याचा कार्यालयाकडील पत्ता १९२.१६८.१०.२ आणि आवाराकडील १९२.१६८.२०.२ आहे, असे धरू. इंटरनेटचा राउटर १९२.१६८.१०.१ वर आहे. बिलिंग सर्व्हरचा डिफॉल्ट गेटवे (वेगळा मार्ग ठरलेला नसेल तेव्हा सगळे जिकडे पाठवले जाते ते यंत्र) हा राउटरच असल्यामुळे, आज काट्यासाठी निघालेले प्रत्येक पॅकेट (माहितीचा तुकडा) इंटरनेटच्या दिशेने जाते आणि वाया जाते. यावर उपाय म्हणून सर्व्हरला दुसरा डिफॉल्ट गेटवे देण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण मग कोणते पॅकेट कुठून जाईल याचा भरवसा राहत नाही. केवळ त्या एका सबनेटपुरता रूट देणे हेच नेमके आणि पुरेसे आहे.

आता मधल्या यंत्रावर फॉरवर्डिंग, म्हणजे आलेले पॅकेट पुढे पाठवणे, सुरू करावे. लिनक्स यंत्र एका कार्डावर आलेले परके पॅकेट सहसा स्वतःहून दुसऱ्या कार्डावर पाठवत नाही. त्यासाठी सिसकंट्रोल (sysctl) या लिनक्सच्या अंतर्गत मूल्ये बदलण्याच्या सोयीमधील ‘नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड’ या मूल्याला १ द्यावे आणि ते कायम राहावे म्हणून सिसकंट्रोलच्या फाइलमध्येही लिहावे. त्याच यंत्राच्या फायरवॉलमध्ये फॉरवर्डची साखळी, म्हणजे पुढे जाणाऱ्या पॅकेटांसाठीचे नियम, तपासावी. तेथे डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारे सॉफ्टवेअर) बसवलेले असेल, तर ते ही साखळी सहसा बंद करून ठेवते.

त्यानंतर बिलिंग सर्व्हरवर पुढील आदेश द्यावा. येथे तो उच्चारानुसार लिहिला आहे. टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत टंकावा.

आयपी रूट अ‍ॅड १९२.१६८.२०.०/२४ व्हाया १९२.१६८.१०.२

‘व्हाया’नंतरचा पत्ता सर्व्हरच्या स्वतःच्या सबनेटमधलाच असला पाहिजे. तेथे १९२.१६८.२०.२ लिहिल्यास लिनक्स आदेश नाकारते, कारण तो पत्ता सर्व्हरला थेट जोडलेल्या नेटवर्कमध्ये नसतो.

पुष्कळ जण येथेच थांबतात आणि पिंगला (दुसरे यंत्र उत्तर देते का ते पाहणाऱ्या आदेशाला) उत्तर येत नाही म्हणून गोंधळतात. काट्याच्या सर्व्हरला पॅकेट मिळालेले असते, परंतु उत्तर कोणत्या वाटेने धाडायचे हे त्याला माहीत नसते. म्हणून त्या सर्व्हरवर परतीचा रूट द्यावा: आयपी रूट अ‍ॅड १९२.१६८.१०.०/२४ व्हाया १९२.१६८.२०.२. मधल्या यंत्रावर पत्ता बदलण्याची, म्हणजे मास्करेडची, सोय करूनही उत्तर येऊ लागते, हे खरे. पण मग काट्याच्या नोंदवहीत प्रत्येक विनंती मधल्या यंत्राकडूनच आल्यासारखी दिसते आणि ती मुळात कोणी पाठवली याचा माग राहत नाही. परतीचा रूट देणे हेच स्वच्छ काम आहे.

तपासणीसाठी ‘आयपी रूट गेट १९२.१६८.२०.५’ हा आदेश द्यावा. सर्व्हर कोणता मार्ग निवडतो ते तो सांगतो. तरीही उत्तर आले नाही, तर मधल्या यंत्राच्या आवाराकडील कार्डावर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारे साधन) लावावे. विनंती बाहेर पडताना दिसते पण उत्तर येत नाही, असे आढळल्यास परतीचा रूट किंवा काट्याच्या सर्व्हरची फायरवॉल तपासावी. विनंतीच दिसत नसेल, तर दोष मधल्या यंत्रात किंवा बिलिंग सर्व्हरच्या बाजूला आहे.

वरील आदेशांनी दिलेले रूट यंत्र बंद होताच पुसले जातात. वीज वारंवार जाते अशा ठिकाणी तर ते कायमचे लिहून ठेवणे अत्यावश्यक आहे. उबुंटू सर्व्हरवर नेटप्लॅन या नेटवर्क मांडणीच्या साधनाच्या फाइलमध्ये त्या कार्डाच्या ‘रूट्स’ या भागात ‘टू’ आणि ‘व्हाया’ भरावे. विंडोजवर ‘रूट’ आदेशाला ‘-पी’ जोडावे. तुम्ही छत्रपती संभाजीनगरात बसून जालन्याचा सर्व्हर हाताळत असाल, तर ‘नेटप्लॅन अप्लाय’ऐवजी ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरावे. तुम्ही दुजोरा दिला नाही, तर १२० सेकंदांनी ते जुनी मांडणी परत आणते, त्यामुळे चुकीच्या रूटने संपर्क तुटला तरी त्यासाठी जालन्याला धाव घ्यावी लागत नाही.

कार्यालयातील सर्वच संगणकांना काट्यापर्यंत जायचे असेल, तर हाच रूट इंटरनेटच्या राउटरवर एकदाच देता येतो. मात्र तेव्हा पॅकेट राउटरमार्गे जाते आणि उत्तर मधल्या यंत्राकडून थेट परतते; त्यामुळे जोडणीची स्थिती लक्षात ठेवणारी फायरवॉल राउटरवर असेल, तर ती अर्धेच संभाषण पाहते आणि जोडणी तोडू शकते. मोजकेच सर्व्हर असतील, तर प्रत्येकावर स्वतंत्र रूट देणे अधिक खात्रीचे आहे.