परदेशातील वंशसंहार : हस्तक्षेपाची मागणी कशी तपासावी, कशी मांडावी

संस्थेचा ठराव लिहिणारे, वृत्तपत्राची भूमिका ठरवणारे किंवा लोकप्रतिनिधींना निवेदन देणारे यांच्यासाठी ही पद्धत आहे. दूरच्या देशात एखादा समाज संपवला जात असल्याच्या बातम्या येऊ लागल्या की चर्चा दोन टोकांना जाते. एकीकडे ‘सैन्य पाठवा’, दुसरीकडे ‘तो त्यांचा अंतर्गत प्रश्न’. दोन्ही उत्तरे बहुधा माहिती गोळा होण्याआधीच दिलेली असतात. तीन-चार जणांच्या गटाला पुढचे काम आठवडाभरात करता येते आणि त्यातून दोन पानांचे निवेदन तयार होते. त्याहून मोठे निवेदन कोणी शेवटपर्यंत वाचत नाही.

आधी धोका, मग नाव

वंशसंहारविरोधी कराराचे (१९४८) कलम २ समोर ठेवा. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली पाच कृत्ये त्यात आहेत : गटातल्या माणसांना ठार मारणे, त्यांना गंभीर शारीरिक वा मानसिक इजा करणे, गटाचा नाश व्हावा अशी जगण्याची परिस्थिती मुद्दाम लादणे, गटात मुले जन्मू न देणे आणि गटातली मुले जबरदस्तीने दुसऱ्या गटाकडे देणे. पाचांपैकी थेट हत्या एकच आहे. अन्न-पाणी तोडणे, दवाखाने आणि विहिरी उद्ध्वस्त करणे या गोष्टी तिसऱ्या कृत्याखाली तपासायच्या असतात. मृतांचा आकडा लहान आहे म्हणून प्रकरण बाजूला ठेवू नका.

खरी अडचण हेतूची. तो सिद्ध व्हायला न्यायालयांना वर्षे लागतात आणि तोवर वाचवायला फारसे कोणी उरत नाही. म्हणून ‘हा वंशसंहार आहे का?’ हा प्रश्न सोडा, ‘वंशसंहाराचा गंभीर धोका आहे का?’ हे विचारा. बोस्निया विरुद्ध सर्बिया खटल्याच्या निकालात (२६ फेब्रुवारी २००७) आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हेच सांगितले. गंभीर धोका आहे हे राज्याला कळले, किंवा एरवी कळायला हवे होते, त्या क्षणी रोखण्याचे कर्तव्य सुरू होते. ‘आम्हाला माहीत नव्हते’ ही सबब त्यामुळे फार काळ टिकत नाही.

नावाची वाट पाहण्यात काय बिघडते, ते तीन प्रकरणांत दिसते. रवांडात १९९४ मध्ये तुत्सी समाजाची कत्तल सुरू असताना अमेरिकी प्रवक्ते तो शब्द टाळत राहिले, कारण तो उच्चारला तर काहीतरी करणे भाग पडेल अशी भीती होती. सुदानमधल्या दारफुरबाबत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ९ सप्टेंबर २००४ रोजी तो शब्द उघड वापरला आणि त्याच निवेदनात, यामुळे कोणतीही नवी कृती करावी लागत नाही, असेही सांगितले. कंबोडियात ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या राजवटीत (१९७५–७९) अंदाजे १५ ते २० लाख माणसे मेली. त्यातले बहुसंख्य ख्मेरच, म्हणजे मारणाऱ्यांच्याच वंशाचे होते. त्यामुळे २०१८ च्या निकालात वंशसंहाराचा ठपका आला तो चाम मुस्लिम आणि व्हिएतनामी या गटांपुरता. शब्दालाच धरून बसलेल्या माणसाने उरलेल्या प्रेतांचे काय करायचे? म्हणून निवेदनात २००५ च्या जागतिक शिखर परिषदेने मान्य केलेले चारही गुन्हे घ्या : वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक सफाई आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे.

नोंदतक्ता

सहा रकाने पुरतात : तारीख, ठिकाण, कृत्य, कोणी केले, स्रोत, खात्री किती. प्रत्येक घटनेला एकमेकांवर अवलंबून नसलेले किमान दोन स्रोत हवेत. एकच चित्रफीत दहा ठिकाणी फिरली तरी स्रोत एकच. जाळलेल्या गावांसाठी आधीच्या आणि नंतरच्या तारखांची उपग्रहचित्रे शोधा. मृतांचा आकडा खालचा आणि वरचा अंदाज असा जोडीने लिहा. पहिल्याच पानावर फुगवलेला आकडा सापडला की विरोधक उरलेले निवेदन वाचतच नाहीत. साक्षीदारांची नावे तक्त्यात नकोतच. अशी यादी चुकीच्या हाती पडली तर माणसे मरतात.

कत्तलीपूर्वीची चिन्हे वेगळ्या पानावर लिहा. संयुक्त राष्ट्रांच्या २०१४ च्या विश्लेषण चौकटीत १४ जोखीम-घटक आहेत. ते सगळे भरायला वेळ नसेल तर एवढे तरी पाहा : गटाला माणूसपण नाकारणारा प्रचार, खासगी टोळ्यांना सरकारी शस्त्रे, वस्त्यांच्या आणि माणसांच्या याद्या, पत्रकार व मदत कर्मचाऱ्यांची हकालपट्टी. रवांडात ही सगळी चिन्हे आधीच होती. आरटीएलएम हे प्रचारी रेडिओ केंद्र तुत्सींना झुरळे म्हणत होता, ओळखपत्रावर वांशिक गट छापलेला होता आणि शांतिसेनेचे प्रमुख रोमिओ डॅलेर यांनी ११ जानेवारी १९९४ रोजीच शस्त्रसाठे व याद्यांबद्दल मुख्यालयाला तार केली होती. साठे ताब्यात घेण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. कत्तल सुरू झाली ७ एप्रिलला.

कोणाचा हात पोचतो

जबाबदारी सगळ्यांवर समान वाटली की ती कोणावरच राहत नाही, म्हणून मागणी नेमक्या सरकारकडे करा. २००७ च्या निकालाने इथेही मोजमाप दिले आहे. गुन्हा करणाऱ्यांवर प्रभाव टाकण्याची राज्याची ताकद किती, भौगोलिक अंतर किती, राजकीय व इतर संबंध किती घट्ट, यावर कर्तव्याचे वजन ठरते. कर्तव्य हाती असलेले सगळे वाजवी उपाय करण्याचे असते, यश मिळवून देण्याचे नव्हे. ‘आम्ही काही केले असते तरी फरक पडला नसता’ हा बचावही न्यायालयाने मानला नाही, कारण अनेक राज्यांनी मिळून केलेल्या प्रयत्नांनी फरक पडू शकतो. सर्बियाने स्वतः वंशसंहार केला असे न्यायालयाने म्हटले नाही, तरी तो न रोखल्याबद्दल तिला दोषी धरले.

आता आपल्या सरकारचा तक्ता करा : त्या देशाला शस्त्रे कोण विकते, इंधन आणि कर्ज कोण देते, सेनाधिकाऱ्यांचे पैसे कुठल्या बँकांत आहेत, कोणाच्या बंदरातून माल जातो, सुरक्षा परिषदेत त्यांच्या बाजूने कोण मत देते. यातल्या एखाद्या रकान्यात आपलेच सरकार निघाले तर पहिली मागणी तिथेच ठरते : तो पुरवठा बंद करा. स्वतःचा हात काढून घेणे हे दुसऱ्याच्या घरात शिरण्यापेक्षा कितीतरी कमी वादग्रस्त आहे, आणि तरी निवेदनांतून नेमके तेच गळते. ज्यांनी शस्त्रव्यापार करार (२०१३) मंजूर केला आहे त्यांच्यासाठी कलम ६ नुसार ही बंदी सक्तीची आहे. शस्त्रे वंशसंहारासाठी वापरली जातील हे माहीत असेल तर हस्तांतर करता येत नाही.

बंदुकीआधीची साधने

हस्तक्षेप म्हणजे सैन्य, हे समीकरण डोक्यातून काढून टाका. मध्यस्थी वेळेत झाली तर काम करते. केनियात डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला, संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांनी वाटाघाटी घडवल्या आणि २८ फेब्रुवारी २००८ रोजी सत्तावाटपाचा करार झाला. न्यायालयाचा मार्ग लहान देशालाही मोकळा असतो. गांबियाने ११ नोव्हेंबर २०१९ रोजी रोहिंग्यांच्या प्रश्नावर म्यानमारविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला आणि २३ जानेवारी २०२० रोजी अंतरिम आदेश मिळवला. आदेश मिळाला म्हणजे अंमल झाला असे नाही, पण पुढच्या प्रत्येक मागणीला त्याने आधार मिळतो. निर्वासितांसाठी सीमा उघडी ठेवणे हा तर सर्वांत खात्रीचा उपाय, कारण सीमा ओलांडलेला माणूस त्याच दिवशी वाचतो.

शस्त्रबंदी मागताना जपून. सप्टेंबर १९९१ मध्ये सुरक्षा परिषदेच्या ठराव ७१३ ने बोस्नियासह संपूर्ण युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी घातली. सर्ब बाजूकडे जुन्या युगोस्लाव्ह लष्कराची शस्त्रे आधीच होती, बोस्नियाचे सरकार मात्र निःशस्त्र अडकले. दोन्ही बाजूंना सारखीच लागू होणारी बंदी बलवानाच्या पथ्यावर पडते. आर्थिक निर्बंध मागाल तर व्यक्ती, कंपन्या आणि व्यवहार नावानिशी लिहा.

बळाचा वापर मागायचा असेल तर

२००१ मध्ये कॅनडाच्या पुढाकाराने नेमलेल्या आयोगाने सहा कसोट्या मांडल्या : पुरेसे कारण, योग्य हेतू, इतर उपाय अपुरे पडणे, प्रमाणशीर बळ, यशाची वाजवी शक्यता आणि योग्य अधिकार. सहाही उत्तरे लेखी द्या. त्यातल्या तीन ठिकाणी लोक सहसा अडखळतात.

हेतूबद्दल फार सोवळे राहू नका. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात भारताने केलेल्या कारवाईमागे सामरिक हिशेबही होता आणि सुमारे एक कोटी निर्वासितांचा भारही. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी व माघारीची मागणी केली. तरीही कत्तल थांबली आणि भारतीय सैन्य मार्च १९७२ मध्ये परतले. व्हिएतनामने जानेवारी १९७९ मध्ये ख्मेर रूजची राजवट पाडली, तीही मुख्यतः स्वतःच्या सुरक्षेसाठी, आणि मग दहा वर्षे सैन्य तिथेच ठेवले. हेतू मिश्र असणारच. विचारायचे ते हे, की त्या हेतूमुळे लोकांचे संरक्षण मागे पडेल का आणि सैन्य परत जाईल का.

अधिकाराचे कोडे सुटलेले नाही. सुरक्षा परिषदेत ठरावाला नऊ मते लागतात आणि पाच स्थायी सदस्यांपैकी कोणाचाही नकाराधिकार चालतो. कोसोवोतल्या अल्बेनियन लोकांवरचे अत्याचार रोखण्यासाठी १९९९ मध्ये नाटोने परिषदेच्या परवानगीविना सर्बियावर ७८ दिवस बॉम्बफेक केली. नंतरच्या स्वतंत्र आयोगाने ती ‘बेकायदेशीर पण समर्थनीय’ ठरवली. हा निष्कर्ष नैतिकदृष्ट्या पटण्याजोगा आहे, पण तो प्रत्येक बलाढ्य देशाला वापरता येतो हेही निवेदनात लिहा. परिषद अडली तर आधी १९५० च्या ‘शांततेसाठी एकजूट’ ठरावाने आमसभेचे आणीबाणीचे अधिवेशन मागा.

यशाच्या शक्यतेत साधन आणि काम यांचा मेळ पाहायचा असतो. जमिनीवर चाकू आणि बंदुकांनी चाललेली कत्तल उंचावरून थांबत नाही. कोसोवोत बॉम्बफेक सुरू झाल्यावर हकालपट्टीचा वेग वाढला आणि आठ लाखांहून अधिक लोक बाहेर ढकलले गेले. नो-फ्लाय झोन फक्त विमाने अडवतो. ‘सुरक्षित क्षेत्र’ मागत असाल तर सैनिकांची संख्याही मागा. बोस्नियातल्या सहा क्षेत्रांसाठी ३४,००० जादा सैनिकांचा अंदाज दिला गेला होता, परिषदेने ७,६०० मान्य केले. जुलै १९९५ मध्ये त्यातलेच एक, स्रेब्रेनित्सा, सर्ब सैन्याच्या हाती पडले आणि सुमारे ८,००० पुरुष व मुलगे मारले गेले. लोकांना एका जागी गोळा करून त्यांचे रक्षण न करणे हे काहीच न करण्यापेक्षा वाईट ठरू शकते.

उलट, लहान तुकडीही कधी पुष्कळ करते. रवांडात २१ एप्रिल १९९४ च्या ठराव ९१२ ने शांतिसेना २७० वर आणली. प्रत्यक्षात मागे राहिलेल्या काहीशे सैनिकांनी किगालीत हजारो लोक वाचवले. फ्रान्स, बेल्जियम आणि इटलीचे सैनिक त्याच महिन्यात आले होते, परकीय नागरिकांना घेऊन परतले. म्हणजे विमाने होती, माणसे होती, धावपट्टीही होती.

निवेदनाचा शेवटचा परिच्छेद

‘आंतरराष्ट्रीय समुदायाने दखल घ्यावी’ हे वाक्य खोडा. त्याऐवजी कोणते मंत्रालय, कोणती कृती, कोणत्या तारखेपर्यंत, आणि न केल्यास पुढची मागणी कोणती ते लिहा. दर १४ दिवसांनी तक्ता ताजा करून निवेदन पुन्हा पाठवा.

बळाची मागणी केली असेल तर हत्या थांबल्यानंतरच्या व्यवस्थेसाठी अर्धे पान राखा. लिबियात मार्च २०११ मध्ये सुरक्षा परिषदेच्या ठराव क्र. १९७३ ने नागरिकांच्या रक्षणाची परवानगी दिली. नाटोची मोहीम राजवट उलथण्यापर्यंत गेली, पुढचे नियोजन नव्हते आणि देश सशस्त्र गटांत विभागला गेला. तेव्हा काम कुठे संपते, पोलीस आणि पगार कोण सांभाळणार, पुराव्यांवर आणि सामूहिक कबरींवर पहारा कोणाचा, हे विचारून घ्या. निर्वासित छावण्यांबाबत तीन अटी वेगळ्या घाला. जुलै १९९४ पासून झाईरमधल्या (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) गोमाच्या छावण्यांत रवांडातली कत्तल घडवणारेच पुढारी बनून बसले आणि मदतीचे वाटप त्यांच्या हाती गेले. म्हणून छावण्या सीमेपासून लांब असाव्यात आणि सशस्त्र माणसे पहिल्याच दिवशी वेगळी काढावीत. शिधा गावप्रमुखाकडे न देता थेट प्रत्येक कुटुंबाच्या हाती द्यावा.