वाचनगटासाठी अभिजात पुस्तक निवडताय? या चुका टाळा

आमचा वाचनगट कोथरूडमध्ये महिन्याच्या शेवटच्या रविवारी जमतो. अकरा माणसं, कुणाच्या तरी घरची बैठकीची खोली, पोहे नाहीतर खिचडी. पहिल्या वर्षी आम्ही बारा पुस्तकं ठरवली आणि जेमतेम पाच वाचली. पुस्तकं चांगलीच होती, ठरवायची रीत चुकत होती. कुठे चुकली ते लिहिते, म्हणजे तुमचं वर्ष वाचेल.

मतदान घेणं

व्हॉट्सॲपवर पोल टाकला की सगळ्यांनी नाव ऐकलेलं पुस्तक जिंकतं. आमच्याकडे ‘कोसला’ भरघोस मतांनी निवडून आली. 1963 सालची कादंबरी, गावाकडून पुण्यात शिकायला आलेल्या मुलाची. आणि गटातले निम्मे तसेच बाहेरून शिकायला येऊन इथलेच झालेले. वाटलं, रंगणार. रविवारी कळलं की सहा जणांनी ती पंचवीस वर्षांपूर्वी वाचली होती आणि आता उघडलीच नव्हती. ‘वाचलीय की!’ हा आमचा जुना आजार. दोन तास मेसमधल्या पातळ आमटीच्या आठवणी निघाल्या. मजा आली, पण त्यासाठी पुस्तक कशाला हवं होतं?

मतदानात आणखी एक गोम असते. निवड सगळ्यांची, म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाही.

शेवटी आम्ही भिशीची पद्धत उचलली. अकरा चिठ्ठ्या, एक डबा. ज्याची चिठ्ठी निघेल तो त्या महिन्याचं पुस्तक एकटा ठरवतो आणि सगळ्यांचा नंबर लागेपर्यंत त्याचं नाव पुन्हा डब्यात जात नाही. बाकीच्यांनी नाक मुरडायचं नाही; फक्त वर्षातून एकदा प्रत्येकाला ‘हे नको’ म्हणायची मुभा. (ती आजवर दोनदाच वापरली गेली, दोन्ही वेळा ‘ययाति’वर. ज्ञानपीठ मिळवणाऱ्या लेखकाची कादंबरी असूनही, किंवा कदाचित म्हणूनच.)

ज्याचा नंबर, त्याने पुस्तक आधी स्वतः पुरतं वाचलेलं असलं पाहिजे. प्रती कुठे मिळतील हे त्यानेच शोधायचं. आणि महिनाभर आधीच्या बैठकीत त्याची पहिली दोन पानं मोठ्याने वाचून दाखवायची. ही शेवटची अट किरकोळ वाटते, पण आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक तिनेच पडला. दोन पानं कानावर पडली की पुस्तकाचा धाक कमी होतो.

प्रती न बघता नाव जाहीर करणं

जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात जुनी कादंबरी मागून बघा. शाळेची पुस्तकं, वह्या, कव्हरं आणि त्रासलेले आईबाप यांच्या गर्दीत दुकानदार मान वर करत नाही. नारायण पेठेत 1911 सालचं पुणे मराठी ग्रंथालय आहे, त्याहून जुनं 1848 सालचं पुणे नगर वाचन मंदिर आहे. दोन्हीकडे चाळावं तेवढं थोडं. पण एकाच पुस्तकाच्या अकरा प्रती कुठलं ग्रंथालय ठेवणार? निम्म्या लोकांच्या हातात प्रत पडेल याची खात्री झाल्याशिवाय नाव जाहीर करू नका.

प्रती मिळाल्या तरी एक घोळ उरतो. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. हरिभाऊ आपटे 1919 साली गेले, साने गुरुजी 1950 साली. त्यामुळे त्यांची पुस्तकं आता कुणीही छापू शकतं. स्वस्त पडतात, पण प्रत्येकाची पानं वेगळी. ‘पान 112 काढा’ म्हटलं की पाच मिनिटं नुसती फडफड चालते. प्रकरणाचा क्रमांक सांगा. ‘श्यामची आई’मध्ये तर सोयच आहे, तिथे प्रकरणांच्या जागी रात्री आहेत.

याहून मोठा घोळ आम्ही गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’च्या वेळी घातला. 1857च्या धामधुमीत उत्तरेत अडकलेल्या वरसईच्या भिक्षुकाची ही हकीकत. चिं. वि. वैद्यांनी 1907 साली ती प्रसिद्ध केली, पण मूळ मजकुरात बदल करून. हस्तलिखिताबरहुकूम पाठ नंतर दत्तो वामन पोतदारांनी छापला. आमच्यात दोन्ही आवृत्त्या आल्या. एकाने वाचलेलं वाक्य दुसरीच्या पुस्तकात सापडेना आणि दोघं एकमेकांना खोटं पाडायला लागले. आता निवडणारा नावाबरोबर संपादक आणि आवृत्तीही सांगतो. ‘स्मृतिचित्रे’ घेणार असाल तर पूर्ण प्रत की संक्षिप्त, हेही आधी ठरवा.

कॅलेंडर न बघणं

गणपतीत निम्म्या रस्त्यांवर मांडव, लक्ष्मी रोड बंद, घरी पाहुणे. त्या महिन्यात जाडजूड काही लावू नका. ‘रणांगण’ (1939) किंवा ‘बनगरवाडी’ (1955) दोन-तीन संध्याकाळींत संपते आणि बोलायला भरपूर ठेवून जाते. दिवाळीच्या महिन्यात आम्ही पुस्तक लावतच नाही. दिवाळी अंकांशी कोण झगडणार?

नुसती पानं मोजूनही भागत नाही. ‘धग’ काही फार मोठी नाही, पण तिच्यातली वऱ्हाडी बोली आमच्या पुणेरी जिभांना अडली. तीन जणांनी विसाव्या पानावर सोडून दिली. मग गटातल्या अमरावतीच्या ताईंनी नायिकेचे, म्हणजे कौतिकचे, संवाद त्यांच्या हेलात वाचून दाखवले. सोडणाऱ्यांपैकी दोघं त्याच रात्री पुन्हा पुस्तकाला लागले. बोलीतलं पुस्तक निवडलंत तर ती बोलणारं माणूस गटात आहे का ते बघा. नसेल तर एका बैठकीपुरतं बोलवा.

अभिजात म्हणजे शाळेत धडा होता ते

वर्ष संपल्यावर यादी पुढ्यात घेऊन मोजा. आम्ही मोजली तेव्हा बारापैकी अकरा लेखक पुरुष निघाले आणि दहा आडनावं अशी, की सदाशिव पेठेतल्या दारांवरच्या पाट्या वाचतोय असं वाटावं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. कानावर पडलेलीच नावं तोंडात येतात. ‘कोसला’ आली त्याच 1963 साली बाबुराव बागूलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. आमच्यातल्या सगळ्यांना पहिलं नाव पाठ, दुसरं पुस्तक वाचलेले दोघंच. अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’ची तीच गत, दया पवारांच्या ‘बलुतं’चीही.

आरक्षणासारखे नियम आम्ही केले नाहीत, जोड्या लावल्या. ‘पण लक्षात कोण घेतो?’ 1890 सालापासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून येऊ लागली. तिच्यात हरिभाऊंनी यमूची कहाणी यमूच्याच तोंडून सांगितली. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, बाईनेच लिहिलेलं, विभावरी शिरूरकर या टोपणनावाने, आणि केवढा गदारोळ झाला! ही दोन पुस्तकं लागोपाठच्या महिन्यांत घेतली. पुरुषाला बाईचं दुःख कितपत लिहिता येतं, यावरून आमच्यातलं एक जोडपं जिना उतरतानाही भांडत होतं. आमच्या गटाची ती सगळ्यात यशस्वी बैठक.

अनुवाद न ठरवता परदेशी पुस्तक घेणं

एका रशियन कादंबरीला तीन अनुवाद आले, त्यातला एक संक्षिप्त. पात्रांची नावंसुद्धा जुळेनात. एकच अनुवाद ठरवा. नाहीतर मूळ आणि अनुवाद मुद्दाम समोरासमोर ठेवा: हेमिंग्वेची म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट निम्म्यांनी इंग्रजीत वाचली, निम्म्यांनी पुलंच्या ‘एका कोळियाने’मध्ये, आणि सगळी चर्चा वाक्यांवरच झाली.

गाडी अडली तर

पंधरा तारखेला गटावर विचारा, कोण कुठवर आलं. निम्म्यांनी सुरुवातच केली नसेल तर बैठक पुढे ढकलू नका. ढकललेली बैठक आमच्याकडे कधी झालेली नाही. मजकूर कमी करा: पहिली आठ प्रकरणं, संग्रह असेल तर दोन कथा. वाचलं नाही म्हणून यायला लाजणाऱ्यांना आदल्या दिवशी फोन करा. तीनच जणांनी वाचलं असलं तरी बैठक घ्या. ते तिघं बोलतील, बाकीचे ऐकतील. पोहे मात्र अकरा जणांचेच भिजवा.