कोंबड्यांसाठी आंबवलेलं खाद्य घरी कसं करायचं

आमच्या परसात सध्या ७ गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, सकाळचं खाणं मी त्यांना आंबवूनच देते. घरी इडलीचं नाहीतर आंबोळीचं पीठ आंबवत असाल तर यातलं अर्धं काम तुम्हाला येतंच, कारण इथेही लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणूच राबतात, फक्त धान्य वाटायचं नाही आणि पाणी भरपूर ठेवायचं.

एवढा खटाटोप कशाला, तर कोरडा भरडा टाकला की कोंबड्या मक्याचे तुकडे तेवढे वेचतात आणि पेंडीचं पीठ भांड्याच्या तळाला तसंच राहतं, म्हणजे नेमकं प्रोटीनच वाया जातं. आंबवलेलं ओलं असल्यामुळे सगळं एकमेकांना चिकटून पोटात जातं. शिवाय धान्यातला बराचसा फॉस्फरस फायटिक आम्लात अडकलेला असतो, कोंबडीला तो नीट पचत नाही, आंबवल्यावर त्यातला काही मोकळा होतो. अंडी दुप्पट होतील असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, अंडी ठरतात ती जातीवर, उजेडावर आणि प्रोटीन-कॅल्शियमवर.

१ किलोचं माझं प्रमाण असं: मक्याचा भरडा ५०० ग्रॅम, बाजरी किंवा ज्वारी २००, गव्हाचा कोंडा १०० आणि सोयाबीन पेंड २००. यातून साधारण १७ टक्के प्रोटीन मिळतं, अंड्यावरच्या कोंबडीला तेवढं लागतं. पेंडच घ्या, कच्चं सोयाबीन नको, त्यात प्रोटीन पचू न देणारे घटक असतात आणि ते घालवायला उष्णताच लागते, आंबवण्यावर विसंबून चालत नाही. मका हातात घेऊन बघा, वास घ्या, कुबट वाटला किंवा दाण्यावर बुरशी दिसली तर तो मका घेऊच नका. बुरशीचं विष आंबवून जात नाही.

भांडं काचेचं, चिनीमातीचं किंवा खाण्याच्या दर्जाच्या प्लास्टिकचं. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नको, आंबट पाण्याचा त्यावर परिणाम होतो. भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरू नका कारण धान्य फुगतं. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर बादलीत उघडं रात्रभर ठेवा आणि मग वापरा. धान्य घाला, पाणी ओता, हात घालून तळापासून ढवळा, आणि पाणी धान्याच्या वर दोन बोटं राहिलं पाहिजे. झाकण नुसतं टेकवून ठेवा, घट्ट लावू नका, आत गॅस होतो.

दिवसातून दोनदा ढवळायचं आणि दर वेळी पाणी बघायचं. हे मी परत परत सांगतेय कारण गेल्या श्रावणात आम्ही दोन दिवस गावाला गेलो, तेवढ्यात धान्याने पाणी पिऊन टाकलं आणि वर उघड्या पडलेल्या मक्यावर हिरवी कापसासारखी बुरशी धरली. सासूबाई म्हणाल्या, अगं वरचं काढ की, खालचं चांगलंय. पण बुरशी वर दिसते तेवढीच असते असं नाही, मी सगळंच्या सगळं खड्ड्यात पुरलं, कोंबड्या उकरणार नाहीत इतकं खोल. पाण्यावर पातळ पांढरा पापुद्रा आला तर घाबरू नका, तो बहुतेक वेळा यीस्टचा असतो, काढून टाका. पण केसाळ, हिरवं, काळं, गुलाबी काही दिसलं तर अख्खं भांडं रिकामं करायचं.

तयार झालं हे नाकाला कळतं. झाकण उघडलं की ताकासारखा आंबूस वास येतो, कडेला बारीक बुडबुडे जमतात, ढवळलं की फसफसतं आणि कोंड्याचे कण वर येऊन परत खाली बसतात. उन्हाळ्यात एका दिवसात होतं, पावसाळ्यात दीड-दोन, थंडीत तीन दिवस. दारूसारखा वास आला तर जास्त झालंय, कुजका आला तर फेकाच.

माझे तीन डबे असतात, एक आज द्यायचा, एक उद्याचा, एक आज भिजवलेला. उरलेलं आंबट पाणी कपभर नव्या डब्यात घातलं की तो लवकर धरतो. चाळणीत निथळून द्या. माझ्या कोंबड्या दिवसभर बाहेर चरतात म्हणून मी दर कोंबडीमागे ७० ग्रॅम कोरड्या धान्याचा हिशोब धरते, बंदिस्त असतील तर ११०-१२० ग्रॅम लागतं. अर्ध्या तासात संपेल एवढंच टाका, उरलेलं उचला आणि भांडं धुवा, नाहीतर माश्या होतात. पहिला आठवडा थोडं थोडं नेहमीच्या खाद्यात मिसळून द्या.

शिंपल्यांचा चुरा आंबवायच्या डब्यात कधीच घालू नका, तो आम्ल मारतो आणि आंबणं अडतं. तो वेगळ्या वाटीत ठेवायचा, अंड्यावरची कोंबडी तिला हवा तेवढा खाते. मिनरल मिक्श्चर पाकिटावरच्या प्रमाणात आणि कोरड्या धान्याच्या किलोला ३ ग्रॅम मीठ, हे दोन्ही निथळल्यावर, द्यायच्या वेळी कालवा, आणि मिक्श्चरमध्ये आधीच मीठ असेल तर वरून घालू नका.